परदेशातून आलेली वापरलेली गाडी: इशाऱ्याचे दिवे आणि विजेचे बिघाड कसे शोधावेत

डॅशबोर्डवर एखादा पिवळा दिवा पेटतो तेव्हा गाडीतल्या एखाद्या कंट्रोल युनिटला (सेन्सर वाचून यंत्रणा चालवणाऱ्या छोट्या संगणकाला) हवा तसा सिग्नल मिळाला नाही, एवढेच आपल्याला कळलेले असते. सेन्सर गेला, त्याच्यापर्यंत जाणारी वायर तुटली, की बॅटरीच इतकी उतरली की सगळे सेन्सर भलतेच आकडे देऊ लागले, हे त्या दिव्यावरून ठरवता येत नाही. नवखा माणूस दिव्याचे नाव वाचतो आणि त्या नावाचा भाग विकत आणतो. मग आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते आणि नवा सेन्सर बसवूनही दिवा जिथल्या तिथे राहतो.

परदेशातून आलेल्या वापरलेल्या गाडीत यात आणखी एका गुंत्याची भर पडते. ती एका देशाच्या नियमांप्रमाणे बनलेली असते, दुसऱ्या देशात चालावी म्हणून तिच्या वायरिंगमध्ये कुणीतरी हात घातलेला असतो, आणि त्या माणसाने काय कापले व काय जोडले याची नोंद कोणत्याही सर्किट डायग्रॅममध्ये सापडत नाही. म्हणून या लेखात एक ठरावीक क्रम धरला आहे. स्कॅनरवर दिसणारे बिघाडाचे कोड अगदी सुरुवातीला वाचून वहीत उतरवून घ्यावेत, कारण बॅटरी काढली की त्यांतले बरेच पुसले जातात. पण त्यांचा अर्थ मात्र बॅटरी, अर्थिंग आणि मागाहून केलेली जोडकामे तपासून झाल्यावरच लावावा.

साहित्य फार लागत नाही. एक साधा डिजिटल मल्टीमीटर, तारेचा बल्ब असलेला टेस्ट लॅम्प, चालू गाडीतले आकडे दाखवू शकणारा स्कॅनर, तारेचा ब्रश, योग्य अँपिअरचे काही फ्यूज आणि फोटो काढायला फोन एवढ्यावर बहुतेक काम भागते. कोणताही कनेक्टर सोडवण्यापूर्वी त्याचा फोटो काढण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

पहिली पायरी: गाडी नेमकी कोणत्या बाजारासाठी बनली होती?

एकाच नावाची गाडी जपान, युरोप आणि अमेरिका या तीन बाजारांत तीन वेगवेगळ्या वायरिंगसह विकली गेलेली असू शकते. त्यामुळे इंटरनेटवर सापडलेले डायग्रॅम आपल्या गाडीचे आहे असे गृहीत धरणे हा वेळ वाया घालवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. जपानच्या देशांतर्गत बाजारासाठी बनलेल्या गाडीवर १७ अक्षरांचा आंतरराष्ट्रीय चॅसी नंबर नसतो. मॉडेलचा कोड, मध्ये एक रेघ आणि पुढे अनुक्रमांक असा छोटा नंबर असतो. त्यामुळे १७ अक्षरे मागणाऱ्या पार्ट्सच्या याद्यांमध्ये ती गाडी सापडत नाही. अशा वेळी बोनेटखालच्या किंवा दरवाजाच्या चौकटीवरच्या पाटीवरून पूर्ण मॉडेल कोड, इंजिनचा कोड आणि उत्पादनाचे वर्ष टिपून त्यावरून डायग्रॅम शोधावे.

डायग्रॅम मिळाले तरी वायरींच्या रंगांची भाषा गाडीच्या मुलखाप्रमाणे बदलते. जर्मन गाड्यांत तपकिरी वायर म्हणजे अर्थ (करंट बॅटरीच्या मायनसकडे परत नेणारी वायर), आणि डायग्रॅममध्ये रंगांची नावेही जर्मन संक्षेपात येतात. जपानी डायग्रॅममध्ये एल हे अक्षर निळ्या रंगासाठी आणि बी हे काळ्यासाठी असते, आणि पांढऱ्या वायरवर काळी रेघ ही टोयोटाच्या गाड्यांत बहुधा अर्थची खूण असते. एका गाडीवर शिकलेला रंग दुसऱ्या गाडीवर लावला की फ्यूज उडतो. युरोपीय गाड्यांतले टर्मिनलचे आकडे मात्र पाठ करण्यासारखे आहेत: ३० म्हणजे बॅटरीचा कायमचा प्लस, १५ म्हणजे चावी ऑन केल्यावर येणारा प्लस, ३१ म्हणजे अर्थ आणि ५० म्हणजे सेल्फला जाणारी वायर. रिलेवर (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचवर) ८५ आणि ८६ ही कॉइलची टोके, तर ३० आणि ८७ ही ज्यातून मुख्य करंट जातो ती टोके असतात.

स्कॅनरच्या सॉकेटचेही असेच आहे. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ओबीडी-२ ही बिघाडाचे कोड एकसारख्या सॉकेटमधून वाचू देणारी पद्धत सक्तीची झाली. युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून आणि डिझेल प्रवासी गाड्यांना २००४ पासून तिचीच युरोपीय आवृत्ती लागू झाली. त्या काळातल्या जपानी देशांतर्गत गाड्यांत १६ पिनांचे सॉकेट दिसते, पण आतली भाषा कंपनीची स्वतःची असू शकते. साध्या स्कॅनरवर 'संपर्क होत नाही' असे आले म्हणून तिचे कंट्रोल युनिट जळाले असे समजू नये. आधी सॉकेटच्या १६ क्रमांकाच्या पिनवर बॅटरीचा प्लस आणि ४ क्रमांकाच्या पिनवर अर्थ येतो का ते पाहावे. ते दोन्ही असतील, तर त्या कंपनीची भाषा जाणणारा स्कॅनर शोधावा.

दुसरी पायरी: चावी ऑन करून दिवे मोजणे

इंजिन सुरू न करता चावी ऑन करावी आणि डॅशबोर्डचा व्हिडिओ काढावा. या क्षणी इंजिन, एबीएस, एअरबॅग, ऑइल आणि बॅटरी यांचे दिवे पेटले पाहिजेत. ही गाडीने स्वतःच घेतलेली दिव्यांची चाचणी असते. मग इंजिन सुरू झाल्यावर कोणता दिवा किती सेकंदांनी विझतो ते पाहावे.

नवख्या माणसाचे लक्ष पेटलेल्या दिव्याकडे असते. अनुभवी माणूस न पेटलेला दिवा शोधतो. विकण्यापूर्वी एअरबॅगच्या दिव्यामागचा बल्ब काढणे, त्यावर काळी टेप चिकटवणे, किंवा त्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोडून दोन्ही एकाच वेळी पेटतील आणि विझतील अशी व्यवस्था करणे हे प्रकार वापरलेल्या गाड्यांत होतात. म्हणून दोन दिवे अगदी एकाच क्षणी विझत असतील तर व्हिडिओ सावकाश लावून पुन्हा पाहावा. बॅटरीचा दिवा चावी ऑन केल्यावर मुळीच पेटत नसेल तर तेही चांगले लक्षण नाही, कारण जुन्या पद्धतीच्या अनेक गाड्यांत त्याच दिव्यातून जाणाऱ्या करंटवर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनित्र) जागा होतो.

रंगांचा अर्थ सर्वत्र सारखा आहे. लाल दिसला की गाडी सुरक्षित जागी थांबवावी, पिवळ्याला लवकर तपासणी लागते, आणि हिरवा किंवा निळा फक्त माहिती देतो. ऑइलच्या लाल दिव्याला इंजिन ताबडतोब बंद करावे. तो दिवा बहुधा ऑइलच्या दाबाचा असतो, पातळीचा नव्हे. इंजिनचा पिवळा दिवा सतत पेटलेला असेल तर सावकाश चालवत नेता येते, पण तो लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर होत आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरात इंधन नीट पेटत नाही, आणि न जळलेले इंधन एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवून निकामी करू शकते. ब्रेकचा लाल दिवा लागला तर विजेकडे वळण्याआधी हँडब्रेक आणि ब्रेक ऑइलची पातळी पाहावी. ब्रेक पॅड झिजले की टाकीतली पातळी आपोआप खाली येते.

काही दिवे फक्त मूळ देशातल्या चालकांच्या ओळखीचे असतात. अमेरिकी गाडीत ब्रेकसाठी चिन्हाऐवजी इंग्रजी शब्द लिहिलेला असतो. जुन्या जपानी गाड्यांत एक्झॉस्टचे तापमान वाढल्याचा स्वतंत्र दिवा असतो आणि त्याखाली जपानी अक्षरे असतात. तापमानाचा काटा नसलेल्या छोट्या गाड्यांत इंजिन थंड असेपर्यंत निळा दिवा राहतो, तो बिघाड नाही. काही जपानी डिझेल गाड्यांत टायमिंग बेल्टचा दिवा असतो आणि तो साधारण १ लाख किलोमीटरला पेटतो. त्याला कोणताही सेन्सर जोडलेला नसतो. तो फक्त अंतर मोजतो. त्यामुळे तो विझलेला असला म्हणून बेल्ट नवा ठरत नाही, आणि ओडोमीटरशी छेडछाड झाली असेल तर तो दिवाही खोटेच बोलेल. युरोपीय गाड्यांतला पाना दाखवणारा दिवा बहुधा सर्व्हिसची मुदत संपल्याचे सांगतो.

तिसरी पायरी: बॅटरी आणि चार्जिंग

डॅशबोर्डवर एकदम चार-पाच असंबद्ध दिवे पेटले तर पहिला संशय बॅटरीवर घ्यावा. जहाजातून येताना आणि बंदरावर अनेक आठवडे उभी राहिलेली गाडी तर या बाबतीत जन्मजात संशयितच म्हणावी लागेल. गाडी काही तास उभी राहिल्यानंतर मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर टोके लावावीत. वरच्या क्लॅम्पवर लावू नयेत. १२.६ च्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे ती साधारण अर्धी उतरलेली आहे, आणि १२ च्या खाली गेली असेल तर आधी चार्ज करून मगच पुढचे काम करावे.

आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगून आकड्याकडे पाहावे. सेल्फ फिरत असताना तो ९.६ च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी थकलेली आहे, मग उभ्या गाडीत ती १२.६ दाखवत असली तरी. इंजिन सुरू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.७ व्होल्ट दिसले पाहिजेत. नव्या युरोपीय आणि जपानी गाड्यांत चार्जिंग संगणक ठरवतो, म्हणून तिथे आकडा काही वेळ याहून खाली उतरला तरी घाबरू नये. हेडलाइट आणि ब्लोअर लावून पुन्हा पाहावे. शेवटी मीटर एसी व्होल्टवर ठेवून इंजिन चालू असताना मोजावे. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा येत असेल तर अल्टरनेटरमधला एखादा डायोड गेला असण्याची शक्यता आहे, आणि अशा अशुद्ध विजेवर कंट्रोल युनिटे विचित्र कोड देतात.

बहुतेक हायब्रिड गाड्यांत अल्टरनेटर नसतो. मोठ्या बॅटरीतून कन्व्हर्टरमार्फत छोटी १२ व्होल्टची बॅटरी चार्ज होते आणि ती छोटी बॅटरी अनेकदा डिकीत लपलेली असते. ती थकली की गाडी 'हायब्रिड यंत्रणेत बिघाड' असे भयंकर वाक्य दाखवू शकते. मोठ्या बॅटरीच्या खर्चाची चिंता सुरू करण्यापूर्वी तिला मीटर लावावा.

बॅटरी काढताना आधी मायनस सोडवावा आणि लावताना मायनस शेवटी लावावा. पुन्हा जोडल्यावर स्टेबिलिटी कंट्रोलचा दिवा पेटणे किंवा खिडकीची काच एका स्पर्शात वर न जाणे हे नेहमीचे आहे. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून थोडे अंतर चालवल्यावर आणि काच वर नेऊन बटण काही सेकंद दाबून ठेवल्यावर बऱ्याच गाड्यांत ते पूर्ववत होते. रेडिओला कोड लागत असेल तर तो हातात असल्याशिवाय बॅटरीला हात लावू नये.

चौथी पायरी: अर्थिंग

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ घालवावा, कारण नवख्याला न दिसणारे बहुसंख्य बिघाड इथे दडलेले असतात. गाडीत करंट प्लसच्या वायरीतून जातो आणि बॉडीच्या पत्र्यातून परत येतो. परतीची वाट गंजली की करंट दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट एखाद्या भलत्याच बल्बमधून किंवा सेन्सरमधून जाते.

माझ्याकडे एक जपानी स्टेशन वॅगन आली होती. ब्रेक दाबला की तिचा मागचा डावा इंडिकेटर मंद उजळायचा आणि पार्किंग लाइट लावले की मागचा वायपर अर्ध्यावर अडकायचा. मालकाने त्याआधीच मागचा पूर्ण लॅम्प आणि इंडिकेटरचा रिले बदलून घेतला होता. मी मीटरची काळी वायर एका लांब वायरीने वाढवून बॅटरीच्या मायनसला लावली, लाल टोक लॅम्पच्या अर्थच्या पिनला टेकवले आणि ब्रेक दाबायला सांगितले. मीटरवर ३.२ व्होल्ट आले. परतीची वाट चांगली असती तर तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवे होते, ०.१ ते ०.२ पर्यंत चालवून घेता येते. अर्थची वायर धरत गेलो तर ती डिकीतल्या प्लॅस्टिकच्या कव्हरमागे एका बोल्टला पोहोचली. त्या बाजूचा पत्रा कधीतरी ठोकून रंगवला गेला होता आणि वायरीची गोल कडी ताज्या रंगावरच आवळून बसवली होती. धातूला धातू टेकत होता तो फक्त बोल्टच्या आट्यांमध्ये. रंग खरवडून, कडी ब्रशने घासून बोल्ट पुन्हा आवळला तेव्हा मीटरवर ०.०४ आले आणि दोन्ही तक्रारी एकदम थांबल्या. त्याच बोल्टने, जाता जाता, गाडीला मागून अपघात झाला होता हेही सांगून टाकले.

ही पद्धत लक्षात ठेवावी: सर्किट चालू स्थितीत, करंट वाहत असताना, वायरीच्या दोन टोकांमधला व्होल्ट मोजायचा. सर्किट बंद असताना मोजलेला रोध फसवा असतो. दहा तारांपैकी नऊ तुटलेल्या वायरीचा रोध मीटरवर छान दिसतो आणि तिच्या टोकाला १२ व्होल्टही पूर्ण दिसतात, कारण मीटर नगण्य करंट घेतो. तिथे २१ वॉटचा बल्ब लावला की तो साधारण पावणेदोन अँपिअर मागतो आणि वायरीचे बिंग फुटते. टेस्ट लॅम्पमध्ये तारेचा बल्ब असावा असे वर म्हटले ते यासाठीच. मात्र तो लॅम्प इंजिन कंट्रोल युनिट किंवा एअरबॅगच्या वायरींना कधीही लावू नये. त्यांना तेवढा करंट सोसत नाही.

बॅटरीच्या मायनसपासून बॉडीकडे, बॉडीपासून इंजिनकडे, आणि पुढच्या लॅम्पांजवळ असे मुख्य अर्थ पॉइंट शोधून प्रत्येकाचा हाच हिशेब करावा. सेल्फ फिरत असताना इंजिनचा ब्लॉक आणि बॅटरीचा मायनस यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर इंजिनची अर्थची पट्टी बदलावी. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या देशांतून आलेल्या गाडीत या पट्ट्या वरून धड दिसतात आणि आतून भुगा झालेल्या असतात.

पाचवी पायरी: फ्यूज आणि रिले

इथे फार वेळ लागत नाही. फ्यूज उपसून पाहण्याऐवजी टेस्ट लॅम्पचा चिमटा अर्थला लावून त्याचे टोक फ्यूजच्या माथ्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर आळीपाळीने टेकवावे. दोन्हीकडे पेटला तर फ्यूज चांगला. प्रत्येक फ्यूजचा रंग झाकणावरच्या आकड्याशी जुळतो का हेही पाहावे: लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा आणि हिरवा ३० चा. १० च्या जागी ३० चा फ्यूज सापडला तर कुणीतरी शॉर्ट शोधण्याऐवजी वायरलाच फ्यूज बनवून ठेवले आहे. झाकणावरचा तक्ता जपानीत असेल तर फोनच्या कॅमेऱ्याने त्याचे भाषांतर करून छापील प्रत गाडीत ठेवावी. रिलेचा संशय असेल तर त्याच आकाराचा आणि त्याच नंबरचा शेजारचा रिले तात्पुरता बदलून पाहावा.

सहावी पायरी: मागाहून जोडलेल्या गोष्टी

चालकाच्या पायांशी, डॅशबोर्डच्या खालच्या बाजूला, उताणे पडून टॉर्चने वर पाहावे. कंपनीचे वायरिंग कापडी टेपने गुंडाळलेले आणि क्लिपांनी बांधलेले असते. त्यातून फाटे फुटून लोंबणाऱ्या, दुसऱ्याच रंगाच्या वायरी आणि वायर न कापता तिच्यात दात रुतवणारे चिमटा-कनेक्टर दिसले की ते मागाहून आलेले काम समजावे. हे चिमटे तांब्याच्या तारा अर्धवट कापतात, तिथून ओल आत शिरते आणि काही वर्षांत हिरवट गंज धरतो.

आयात गाडीत ही कामे कोणती असतील याचा अंदाज मूळ देशावरून बांधता येतो. जपानी गाडी मैलांत वेग दाखवणाऱ्या देशात गेली असेल तर मीटरच्या पाठीमागे वेगाचा सिग्नल बदलणारी छोटी डबी असते. ती बिघडली की स्पीडोमीटरचा काटा उड्या मारतो आणि तोच सिग्नल वापरणारे गिअरबॉक्स किंवा पॉवर स्टिअरिंगसुद्धा तक्रार करू लागते. जपानचा एफएम पट्टा ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो, म्हणून रेडिओ बदललेला असतो किंवा अँटेनाच्या वायरीत पट्टा वाढवणारी डबी बसवलेली असते. अमेरिकी गाडीत मागचा इंडिकेटर आणि ब्रेक यांना अनेकदा एकच लाल बल्ब असतो. त्याचा पिवळा इंडिकेटर करताना घरगुती वायरिंग होते. मागचा फॉग लॅम्प सक्तीचा असलेल्या देशात तो स्वतंत्र रिलेवर जोडलेला सापडतो.

टायरच्या हवेचा दिवा हे आणखी एक उदाहरण. अमेरिकी आणि जपानी गाड्यांतले चाकातले सेन्सर बहुधा ३१५ मेगाहर्ट्झवर बोलतात, तर युरोपातले ४३३ वर. दुसऱ्या बाजारातली चाके किंवा सेन्सर बसवले की हवा अगदी बरोबर असूनही दिवा लुकलुकत राहतो. रिमोट चावीलाही हेच लागू आहे.

एलईडी बल्ब कमी करंट घेतात, त्यामुळे बल्ब गेल्याचा इशारा येणे आणि इंडिकेटर दुप्पट वेगाने लुकलुकणे ही दोन्ही लक्षणे त्यांच्यामुळे दिसू शकतात. तारेचा बल्ब परत लावून पाहिले की प्रश्न निकालात निघतो.

याच वेळी पाण्याच्या खुणाही शोधाव्यात. कार्पेटचा कोपरा उचलून खाली गाळ, सीटच्या रुळांवर गंज किंवा कनेक्टरमध्ये हिरवी भुकटी आहे का ते पाहावे. सनरूफच्या निचऱ्याची नळी तुंबली असेल तर ते पाणी पायाखालच्या कंट्रोल युनिटवर जाते, आणि ते साफ करता येते. पण पुरात बुडालेल्या गाडीचे वायरिंग दुरुस्त करण्याच्या फंदात नवख्याने पडू नये.

सातवी पायरी: आता कोडचा अर्थ

इथवर आल्यावर, सुरुवातीला वहीत उतरवलेले कोड स्कॅनरने गाडीतून पुसून गाडी चालवावी आणि जे कोड परत येतील तेवढ्यांचाच विचार करावा. पी ने सुरू होणारे कोड इंजिन आणि गिअरबॉक्सचे, सी चे ब्रेक व सस्पेन्शनचे, बी चे बॉडीचे आणि यू चे युनिटांमधल्या संवादाचे असतात. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचा मिसफायर, पी०१७१ म्हणजे मिश्रणात इंधन कमी, पी०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी. पी०५६२ आणि सोबत यू चे अर्धा डझन कोड दिसले तर तिसऱ्या पायरीकडे परत जावे.

सेन्सर विकत घेण्यापूर्वी चालू आकडे पाहावेत. इंजिनचे तापमान उणे ४० अंश दाखवत असेल तर सेन्सरचे सर्किट तुटलेले आहे. मग सेन्सरचा कनेक्टर काढून त्याच्या दोन पिना एका वायरीने क्षणभर जोडाव्यात. आकडा झटकन वरच्या टोकाला गेला तर वायरिंग आणि कंट्रोल युनिट दोन्ही ठीक आहेत आणि दोष सेन्सरात आहे. हलला नाही तर वायर तपासावी. ही युक्ती दोन पिनांच्या तापमान सेन्सरपुरतीच आहे. तीन पिनांच्या सेन्सरला बहुधा ५ व्होल्टचा पुरवठा असतो आणि तो अनेक सेन्सरांत वाटलेला असतो, त्यामुळे एक सेन्सर शॉर्ट झाला की त्याच्या शेजाऱ्यांचेही कोड येतात. अशा वेळी ५ व्होल्टच्या वायरीवर मीटर ठेवून सेन्सरांचे कनेक्टर एकेक करून काढावेत. ज्याच्या निघण्याने ५ व्होल्ट परत येतील तो गुन्हेगार.

युनिटांमधला संपर्क तुटल्याचे कोड टिकून राहत असतील तर, कॅन पद्धतीच्या (युनिटे दोन सामाईक वायरींवरून एकमेकांशी बोलतात अशा) गाडीत, बॅटरी सोडवून सॉकेटच्या ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमधला रोध मोजावा. दोन टोकांना प्रत्येकी १२० ओहमचे रोधक असल्यामुळे तो ६० च्या आसपास यायला हवा. १२० आला तर एक टोक तुटले आहे. सॉकेट आणि मुख्य जाळे यांच्यामध्ये गेटवे (संदेश पुढे पाठवणारे मधले युनिट) असलेल्या गाड्यांत हा हिशेब वेगळा पडतो.

बिघाड येतो-जातो असा असेल तर इंजिन चालू ठेवून हार्नेस (वायरींचा जुडगा) हाताने हलवत आकड्यांकडे पाहावे. दरवाजा आणि बॉडी, डिकीचे झाकण आणि बॉडी यांमधल्या रबरी नळ्या सर्वांत आधी सोडवाव्यात. हजारो वेळा वाकून तिथल्या वायरी रबराच्या आतच तुटतात.

उभ्या गाडीत बॅटरी उतरत असेल तर

बोनेट आणि दरवाजा उघडेच ठेवून त्यांचे लॉक स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकलून गाडी लॉक करावी आणि सगळी युनिटे झोपेपर्यंत अर्धा-पाऊण तास थांबावे. मग फ्यूज न काढता प्रत्येकाच्या माथ्यावरच्या दोन ठिपक्यांत मिलिव्होल्ट मोजावेत. ज्यावर शून्याऐवजी आकडा येतो त्या सर्किटमधून करंट चालू आहे. फ्यूज उपसत बसले तर झोपलेली युनिटे जागी होतात आणि मोजमाप बिघडते. एकूण करंट ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. अर्धा अँपिअर गळत असेल तर दिवसाला १२ अँपिअर-तास जातात आणि ५० अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांत रिकामी होते. आयात गाडीत पहिले संशयित म्हणजे बदललेला रेडिओ, जुन्या मालकाचा अलार्म आणि डिकीतला न विझणारा दिवा.

जिथे हात आवरावा

पिवळे कनेक्टर आणि पिवळे आवरण असलेल्या वायरी एअरबॅगच्या असतात. त्यांच्यावर ओहममीटर लावू नये. मीटरचा अल्प करंटही एअरबॅग उडवण्याचा धोका असतो. एअरबॅगच्या दिव्यासोबत हॉर्नही वाजत नसेल तर स्टिअरिंगमधली गुंडाळलेली पट्टी तुटलेली असण्याचा दाट संभव आहे, पण ते काम जाणत्याकडे द्यावे. नारिंगी वायरी हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांतल्या उच्च दाबाच्या असतात. त्या प्राणघातक असतात आणि त्यांना या लेखातली एकही पायरी लागू नाही.

गाडी अजून विकत घेतलेली नसेल तर स्कॅनरवर आणखी एक पान उघडावे: स्वयंचाचण्यांची स्थिती. कोड पुसले किंवा बॅटरी काढली की या चाचण्या 'अपूर्ण' होतात आणि पुन्हा पूर्ण व्हायला थंड इंजिनपासून सुरू केलेल्या बऱ्याच फेऱ्या लागतात. विक्रेता गाडी रोज वापरात असल्याचे सांगत असेल, डॅशबोर्डवर एकही दिवा नसेल आणि तरीही सगळ्या चाचण्या अपूर्ण असतील, तर कोड नुकतेच कुणीतरी पुसलेले आहेत असे धरावे आणि दोन-तीन दिवसांच्या वापरानंतर, थंड इंजिनवर, पुन्हा पाहायला येईन असे सांगून निघावे.